आमची सुट्टी पावसाळ्यात असते

प्रति,
मा. कुलगुरू,
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ,
नाशिक



मालवणात वाणिज्य विषय शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. निवृत्त झाले तरी जुने विद्यार्थी घरी येत असतात. पूर्वी ते बँकेच्या परीक्षेबद्दल विचारायचे, मुंबईत कुणाकडे शब्द टाकता येईल का ते बघायचे. गेल्या काही वर्षांत प्रश्न बदलला आहे. "बाई, एम.बी.ए. करूचा हा, पण धंदो सोडून जाऊचा नाय," असे सांगणारी मुले-मुली आता येतात. त्यांच्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. ते खुले ठेवले, कारण यातले म्हणणे माझ्या एकटीचे नाही आणि ते फक्त आपल्या विद्यापीठापुरतेही नाही.

आधी ही मुले कोण आहेत ते सांगते. कुणाच्या घरच्यांनी देवबागला किंवा तारकर्लीला पर्यटन महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेत दोन खोल्या काढल्या होत्या, त्या आता सहा झाल्या आहेत. कुणी स्कूबा डायव्हिंगची बोट चालवतो. देवगड तालुक्यातला कुणी बापाची हापूसची बाग सांभाळतो, वेंगुर्ल्याकडची कुणी काजूगर काढण्याचा छोटा कारखाना चालवते. दांडीच्या किंवा सर्जेकोटच्या किनाऱ्यावर लिलावात मासळी घेऊन ती बर्फात भरून गोव्याला पाठवणाराही यात आहे. सगळे पदवीधर आहेत. बहुतेकांना पुण्या-मुंबईत नोकरी मिळाली असती, काहींनी ती करून सोडली आणि गावी परतले.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात परत येणे ही साधी गोष्ट नाही. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरवर जगला. २००१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. सारा देश वाढत असताना आम्ही कमी झालो. त्याच २०११ मध्ये इथे दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. हा आकडा ऐकून बाहेरची माणसे आमचे कौतुक करतात, पण त्यात चाकरमान्यांचा वाटा किती हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. घरातला पुरुष परळ-लालबागला असायचा आणि शेत, गोठा, म्हातारी माणसे बाई सांभाळायची. अशा जिल्ह्यात तिशीतली माणसे धंदा करण्यासाठी राहत असतील, तर त्यांना जे शिकायचे आहे ते इथे बसून शिकता आले पाहिजे.

त्यांना व्यवस्थापनच का शिकायचे आहे? हापूसचे घ्या. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी पुष्कळ बागायतदार अजून वाशीच्या अडत्याकडून हंगामाआधी उचल घेतात आणि पेट्या त्याच्याच गाळ्यावर पाठवतात. भाव तिथे ठरतो, पट्टी नंतर हाती येते. नवी पिढी हे बदलू पाहते. पुण्यातल्या, ठाण्यातल्या सोसायट्यांत ती थेट पेटी पोचवते. पण एका पेटीमागे आपला खर्च किती, असे विचारले की बहुतेक जण फवारणी, मजुरी, खोका आणि गाडीभाडे एवढेच मोजतात. घरच्या चार माणसांची चार महिन्यांची मेहनत त्या हिशेबात नसते, उचलीवरचे व्याज नसते, मोहोर गळाला त्या वर्षाचा तोटाही नसतो. मग थेट विक्रीत मिळालेला जादा भाव नफा वाटतो आणि दोन हंगामांनी कळते की हातात काही उरलेच नाही. परिव्यय लेखांकन मी बी.कॉम.ला शिकवले आहे, म्हणून खात्रीने सांगते की यातले मूळ ज्ञान पदवीला मिळते. ते आपल्या बागेला लावायची सवय मिळत नाही. ती पुढच्या शिक्षणात लागते, आणि स्वतःचा धंदा समोर असलेल्या माणसाला ते शिक्षण सर्वांत जास्त उपयोगी पडते.

पर्यटनाचे तसेच. ३० एप्रिल १९९७ ला सिंधुदुर्ग देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाड्या धावायलाही लागल्या नव्हत्या, त्या जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाल्या. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये उघडला. माणसे येऊ लागली आणि आमच्या आया-बहिणींनी सोलकढी नि सुरमईच्या जोरावर घरे उभी केली. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोलीचे भाडे किती लावावे, जूनमध्ये किती उतरावे, मोबाइलवरच्या बुकिंग कंपनीला द्यावे लागणारे कमिशन धरून हाती काय पडते, बोटीचे कर्ज पावसाच्या महिन्यांत कुठून फेडावे, हे सगळे अंदाजाने चालते. अंदाज चुकला की बोट विकावी लागते. किनाऱ्यावर अशा बोटी मी पाहिल्या आहेत.

म्हणून या मुलांना दूरशिक्षणाने एम.बी.ए. करायचे आहे. आणि त्यांनी आपल्या विद्यापीठाकडे पाहावे हे अगदी स्वाभाविक आहे. १ जुलै १९८९ ला हे विद्यापीठ स्थापन झाले, प्रा. राम ताकवले पहिले कुलगुरू झाले, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद त्याने घेतले. त्याआधी आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांना मुंबई विद्यापीठाच्या पत्रद्वारा शिक्षणाचा आधार होता, तो विभाग १९७१ चा. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींनी स्वयंपाकघरातल्या पाटावर ती पोस्टाने येणारी टिपणे वाचून पदवी घेतली. दूरशिक्षणात व्यवस्थापन हा नंतर चिकटवलेला विषयही नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने (इग्नूने) १९८७ मध्ये शिकवायला सुरुवात केली ती दोनच अभ्यासक्रमांनी, आणि त्यातला एक व्यवस्थापनाच्या पदविकेचा होता. पहिले विद्यार्थी होते ४,५२८. काम करणाऱ्या माणसाला काम न सोडता धंद्याचे शास्त्र शिकवायचे, हा विचार आपल्या देशातल्या मुक्त शिक्षणाच्या पायाशीच आहे.

आता अडचण सांगते.

दूरशिक्षण लवचीक असते असे माहितीपत्रकात लिहिलेले असते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. उदाहरणार्थ, इग्नूचे एम.बी.ए. किमान दोन वर्षांचे, पण पुरे करायला चार वर्षांपर्यंत मुभा आहे. एकूण ११६ श्रेयांक. एका श्रेयांकाला अभ्यासाचे तीस तास धरतात, म्हणजे सगळे मिळून ३,४८० तास. दोन वर्षांत करायचे म्हटले तर आठवड्याला तेहतीस-चौतीस तास झाले, चार वर्षांत केले तर सतरा. धंदा करणाऱ्या माणसाने चारच वर्षे धरावीत असे मी सगळ्यांना सांगते. सतरा तास म्हणजे रोज अडीच तास. ते निघतात. पण ते वर्षभर सारखे निघत नाहीत, आणि सगळी गोष्ट इथेच अडते.

संपर्कसत्रे शनिवारी-रविवारी ठेवायची हा दूरशिक्षणाचा सर्वत्र रूढ झालेला रिवाज आहे. कार्यालयात नोकरी करणाऱ्यासाठी तो योग्यच. आमच्याकडे मात्र शुक्रवारी रात्री पुण्या-कोल्हापूरच्या गाड्या घाट उतरू लागतात आणि शनिवारी पहाटेपासून रविवार संध्याकाळपर्यंत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. न्याहारी, जेवण, डायव्हिंगच्या फेऱ्या, किल्ल्याला नेणाऱ्या होड्या, चादरी बदलणे, हिशेब. मोकळा असतो तो मंगळवार किंवा बुधवार. रविवारच्या वर्गाला हजर राहायचे तर या माणसाला आठवड्याच्या कमाईचा मोठा भाग सोडावा लागतो. तो एकदा सोडतो, दोनदा सोडतो, मग वर्ग सोडतो.

परीक्षांचे वेळापत्रक त्याहून अडचणीचे. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. राज्यातल्या विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा साधारण एप्रिल ते जून या काळात येतात. आमचे वर्ष त्याच्या नेमके उलट चालते. दिवाळीपासून पर्यटक सुरू होतात आणि नाताळात गर्दी शिगेला पोचते. माघ-फाल्गुनात आंगणेवाडीच्या भराडीदेवीची आणि कुणकेश्वरची यात्रा असते, मग शिमगा. मार्चपासून आंबा आणि काजू बी यांची घाई सुरू होते, आणि मे महिन्यात तर आंबा, चाकरमानी आणि पर्यटक तिन्ही एकदम दारात उभे असतात. मेमध्ये परीक्षा द्या असे देवगडच्या बागायतदाराला सांगणे म्हणजे लावणीच्या दिवशी शेतकऱ्याला लग्नाला बोलावण्यासारखे आहे.

मोकळे दिवस कधी असतात? मेच्या अखेरीला जलक्रीडा आणि प्रवासी होड्या बंद होतात, त्या ऑगस्ट संपेपर्यंत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढून झापांखाली ठेवलेल्या असतात. मृगाचा पाऊस आला की आंबा संपतो. जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत भाताची लावणी असते, तेव्हा घरातल्या बायांना आणि शेती असलेल्या पुरुषांना वेळ नसतो. लावणी उरकली की जुलैचा दुसरा पंधरवडा मोकळा. पुढे १ ऑगस्टला मच्छीमार समुद्रात उतरायला लागतो, नारळी पौर्णिमा येते आणि चतुर्थीचे वेध लागतात. चतुर्थीत आमच्याकडे कोणतेच काम होत नाही, परीक्षा तर सोडाच. म्हणजे लावणीचे दिवस सोडले तर जून-जुलै हा आमचा मन लावून वाचायचा काळ आणि जुलैचा शेवट ही परीक्षेची वेळ.

विद्यार्थ्याची मोकळीक पाहून वेळ ठरवणे नवे नाही. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ मध्ये शिकवू लागले, तेव्हा त्याचे पाठ बीबीसीवरून बरेचदा भल्या पहाटे आणि रात्री उशिरा दाखवले जात. कामावर जाणारी माणसे घरी असतील अशी ती वेळ होती. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला मोकळीक दिवसाच्या हिशेबात मिळत नाही, ती ऋतूच्या हिशेबात मिळते. तिथे प्रक्षेपणाची वेळ विद्यार्थ्याकडे पाहून ठरली, इथे परीक्षेचा महिना तसा ठरायला हवा.

यावर कुणी सुचवेल की सगळे ऑनलाइन करून टाका, मग काळ-वेळाचा प्रश्नच उरणार नाही. ध्वनिचित्रित व्याख्याने हवीतच, रात्री पाहुणे जेवून उठल्यावर ती ऐकता येतात, आणि मुले ती ऐकतातही. पण परीक्षा पडद्यावर नको. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, झाडे नि विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक वाड्यांत अनेक दिवस वीज आली नाही. ते वादळ होते, मान्य. पण साध्या आषाढातही माडाची एक झावळी तारेवर पडली की वाडी अंधारात जाते आणि मोबाइलच्या टॉवरचाही जीव जातो. कॅमेऱ्यासमोर बसून तीन तास पेपर द्यायचा आणि दीड तासाने जोडणी तुटायची, असा धोका कुणी का पत्करावा? कागद-पेन आणि तालुक्याच्या गावातले केंद्र हेच खात्रीचे. मालवणात स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय आहे, वेंगुर्ल्यात बॅ. बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालय, कुडाळला संत राऊळ महाराज महाविद्यालय, सावंतवाडीला श्री पंचम खेमराज महाविद्यालय. इमारती आहेत, शिकवणारी माणसे आहेत. परीक्षेसाठी कुणाला भर पावसात दरडींचा घाट चढून कोल्हापूरला जावे लागू नये.

आणखी एक मागणे अभ्यासाच्या आशयाबद्दलचे आहे, आणि ते मला परीक्षेइतकेच महत्त्वाचे वाटते. व्यवस्थापनाच्या पुस्तकांतली उदाहरणे मोटारींच्या कारखान्यांची, विमान कंपन्यांची, अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळ्यांची असतात. ती वाचावीत, त्यातून तत्त्व कळते. पण रापण ओढणाऱ्या संघात मिळकतीचे वाटे कसे पडतात, माणसाचा वाटा किती, जाळ्याचा किती, होडीचा किती, हा भागीदारीचा केवढा जुना आणि विचारपूर्वक बसवलेला नमुना आहे! मच्छीमार सहकारी संस्था डिझेल, बर्फ आणि कर्ज यांची सांगड कशी घालते, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या स्त्रियांनी कांदळवनाची सफर सुरू केली तेव्हा दर कसा ठरवला, वल्हवण्याच्या पाळ्या कशा लावल्या, आयात काजू बीमुळे इथल्या बीचा भाव का पडतो, हे सगळे पदव्युत्तर अभ्यासाला पुरून उरणारे विषय आहेत. शेवटच्या सत्रातला प्रकल्प विद्यार्थ्याला स्वतःच्याच धंद्यावर करू द्यावा आणि त्याला भरपूर गुण असावेत. त्याच्या बागेचा तीन वर्षांचा खरा ताळेबंद त्याने मांडला, तर कोणत्याही काल्पनिक कंपनीच्या अहवालापेक्षा तो जास्त शिकलेला असेल.

इथल्या परिस्थितीला धरून असे काम आमच्या जिल्ह्यात एकदा झाले आहे, शेतीत. कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातल्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती इथल्या कातळावर, इथल्या पावसात वाढवून निवडल्या. 'वेंगुर्ला-४' आणि 'वेंगुर्ला-७' या जातींची कलमे आज कोकणभर दिसतात, कारण त्या इथल्या जमिनीला धरून तयार झाल्या. कृषी विद्यापीठाने जे झाडांसाठी केले, ते व्यवस्थापनाच्या शिक्षणात आपल्या विद्यापीठाने करावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मराठीत यातली चांगली पाठ्यपुस्तके फार थोडी आहेत. स्वयं-अध्ययनाची पुस्तके लिहिण्याचा मराठीतला सर्वांत मोठा अनुभव आपल्याकडे आहे, तेव्हा हे काम दुसरे कोण करणार?

मुलांनाही दोन शब्द सांगते, कारण हे पत्र त्यांच्या वाचनात येईल. मोबाइलवर 'सहा महिन्यांत एम.बी.ए.' असे सांगणारे दलाल फिरत आहेत. त्यांच्या नादी लागू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची, त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का ते आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. एम.बी.ए.ला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का तेही पाहा. आता प्रवेशाआधी प्रत्येकाला दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी काढावा लागतो, तो स्वतःच काढा, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, तेव्हा 'घरबसल्या केलेली पदवी' म्हणून कुणी नाक मुरडले तर मनावर घेऊ नका. आणि मुलींनो, लग्न ठरतेय म्हणून प्रवेश पुढे ढकलू नका. चार वर्षांची मुभा तुमच्यासाठीच आहे.

कुलगुरू महोदय, आपल्याकडे राज्यभरातून मागण्या येत असतील. विदर्भातला कापूस वेगळा, ऊसतोडीला जाणाऱ्यांचे वर्ष वेगळे, प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे कसे सांभाळायचे असा प्रश्न आपल्या परीक्षा विभागाला पडेल. मला वाटते, यावर उपाय एवढा अवघड नाही. सगळ्यांसाठी तारखा बदलायची गरजच नाही. वर्षातून तिसरी एक परीक्षा-खिडकी उघडावी, ज्याला जी सोयीची ती त्याने निवडावी. प्रश्नपेढी असेल तर तिसरी प्रश्नपत्रिका काढणे जड जाऊ नये. ज्याचे वर्ष बागेवर, बोटीवर, कोयत्यावर किंवा यात्रेवर चालते, त्या राज्यभरच्या साऱ्यांना तिचा उपयोग होईल.

आमचे मागणे एवढेच आहे. सिंधुदुर्गातल्या अभ्यासकेंद्रांना एम.बी.ए.ची संपर्कसत्रे मंगळवार-बुधवारी घेण्याची परवानगी द्या. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात परीक्षेचा एक पर्याय ठेवा आणि त्यासाठी मालवणात, देवगडला व वेंगुर्ल्यात लेखी परीक्षेचे केंद्र द्या. प्रकल्प स्वतःच्या व्यवसायावर, मराठीतून लिहू द्या. पुढच्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरण्याआधी आपण किंवा आपले प्रतिनिधी एकदा मालवणात या, एखाद्या बुधवारी. ही मुले आपल्याला भेटायला तयार आहेत, त्यांना बोलावण्याची जबाबदारी माझी.

आपली नम्र,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षिका,
मालवण